वजनकाट्याशेजारी एक मोजपट्टीही ठेवा

प्रति,
आरोग्य शिबिरं भरवणारी गणेशोत्सव मंडळं, गृहनिर्माण सोसायट्या, पतसंस्था आणि महिला मंडळं यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती तोंडावर आले की माझा फोन वाजायला लागतो. "सिस्टर, रविवारी शिबिर ठेवलंय, वजनाच्या टेबलावर तुम्हीच बसा." मी बसते. नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सकाळी आठला कुणीतरी आपली वाट बघतंय हे बरं वाटतं. वजन-उंचीचं टेबल म्हणजे शिबिरातलं सगळ्यात पहिलं आणि सगळ्यात बिनमानाचं टेबल. डोळ्यांच्या डॉक्टरांना शाल-नारळ असतो. आमच्या वाट्याला प्लॅस्टिकचं स्टूल, काटा आणि भिंतीला चिकटपट्टीनं लावलेली टेप. त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या काही वर्षांत याच टेबलावर भलताच निकाल लागायला लागलाय, आणि तो माझ्या हातून लागतो, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एका मंडळाच्या शिबिरात साखर तपासायच्या पट्ट्या मोजक्याच आल्या होत्या. मग कार्यकर्त्यांनी आपसात ठरवलं, की बीएमआय, म्हणजे वजन-उंचीवरून काढलेला आकडा, पंचवीसच्या वर येईल त्याच्याच कार्डावर साखरेची टिक करायची, बाकीच्यांना डोळ्यांच्या रांगेत पाठवायचं. जोडीला तीन रंगांचे स्टिकर होते. हिरवा म्हणजे नॉर्मल, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे लठ्ठ. मुलांनी मेहनतीनं छापून आणले होते. मी काही बोलले नाही. तेव्हाच बोलायला हवं होतं.

रांगेत एक रिक्षावाले दादा आले. चाळिशीचे असतील. हातापायांच्या काड्या, गाल बसलेले, अंगात ढगळ खाकी शर्ट. उंची १७० सेंटिमीटर, वजन ६२ किलो. बीएमआय २१.५. "पास ना सिस्टर?" त्यांनी विचारलं. "पास," मी म्हटलं आणि हिरवा स्टिकर लावला. ते खूश होऊन डोळ्यांच्या रांगेत गेले.

होळीच्या सुमारास ते मला बँकेत भेटले. उजव्या पायाला बँडेज. अंगठ्याला चप्पल चावली होती, जखम महिनाभर भरेना, म्हणून दवाखान्यात गेले तर साखर भरपूर निघाली. हसत म्हणाले, "तुम्हीच तर हिरवं लावलं होतं ना!" शिबिराच्या दिवशी त्यांना मधुमेह होताच असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या दिवशी त्यांची साखर पाहिली गेली नाही, आणि ती माझ्या स्टिकरमुळे पाहिली गेली नाही, एवढं नक्की. नंतर त्यांना घरी बोलावून मी कमरेचा घेर मोजला. ९४ सेंटिमीटर. ढगळ शर्टाखाली एवढी ढेरी होती आणि मला टेबलावरून दिसली नाही, कारण मी कॅल्क्युलेटरकडे बघत होते.

म्हणून आधी हा आकडा म्हणजे काय ते नीट सांगते. रागावू नका, पण शिबिराच्या निम्म्या कार्यकर्त्यांना तो रक्ताच्या रिपोर्टसारखा काहीतरी वाटतो. तो नुसता भागाकार आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं, आणि वजनाच्या किलोंना त्या उत्तरानं भागायचं. बस. त्यात चरबी कुठे मोजली? कुठेच नाही. काट्याला हाड, स्नायू, चरबी, पाणी सगळं सारखंच. पाय सुजलेल्या बाईचं पाणीसुद्धा त्यात आलं, आणि तालमीत घाम गाळणाऱ्या पोराची मांडीही आली. १७३ सेंटिमीटर उंचीचा आणि ९२ किलो वजनाचा पैलवान आमच्या टेबलावर आला तर बीएमआय तीसच्या वर जातो. तुमच्या नियमानं त्याला लाल स्टिकर लावायचा. लावून बघा.

हा भागाकार कुण्या डॉक्टरनं रुग्णासाठी शोधलेलाही नाही. बेल्जियमचा अडॉल्फ केटले हा खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्रातला माणूस. १८३०च्या दशकात 'सरासरी माणूस' कसा असतो याचा अभ्यास करताना त्याच्या लक्षात आलं, की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. पुढे १९७२ साली अमेरिकेतले संशोधक अ‍ॅन्सल कीज यांनी सहकाऱ्यांबरोबर सात हजारांहून जास्त माणसांची मोजमापं ताडून पाहिली आणि या गुणोत्तराला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. मोजलेले ते सगळे पुरुष होते. बाई एकही नाही. आणि कीज यांचाही दावा मोठा नव्हता. वजन-उंचीच्या वेगवेगळ्या हिशेबांमध्ये त्यातल्या त्यात हा बरा आणि सोपा, इतकंच.

आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तसं "बीएमआय म्हणजे थोतांड" असं मी म्हणत नाहीये. सुई नाही, खर्च नाही, दोन मिनिटांत होतो. हजारो लोकांच्या गावाचं, तालुक्याचं, राज्याचं चित्र काढायला याच्याइतकं स्वस्त माप दुसरं नाही. आणि आकडा फारच वर किंवा फारच खाली असला तर तो बहुतेक वेळा खोटं बोलत नाही. पस्तीस आला आणि माणूस पैलवान नसेल, तर वाद घालत बसू नये. अडचण आहे ती मधल्या पट्ट्यात, वीस ते सत्तावीसच्या आसपास. आणि आपल्याकडच्या शिबिरात येणारी बहुतेक माणसं याच पट्ट्यातली. रव्याची चाळण असते ना, तिच्यातून मैदा चाळायला घेतला की जे होतं ते इथं होतं. चाळणीचा दोष नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर हा मधला पट्टा जास्तच फसवा. यातलं बरंचसं काम आपल्या पुण्यात झालंय, हे मला फार उशिरा कळलं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच फोटो छापला. दोघंही दिसायला सडपातळ. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! आपल्या टेबलावर दोघांनाही हिरवा स्टिकर लागला असता. माझ्या रिक्षावाल्या दादांसारखाच.

पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून जो अभ्यास सुरू झाला, त्यात तर हे बाळंतपणापासूनच दिसलं. आपल्याकडचं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं. आपलं बाळ लहानखुरं खरं, पण त्याच्यात कमी होतं ते मांस. कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. मी प्रसूती विभागात बरीच वर्षं काढली आहेत. "अगदी हलकं आहे हो" म्हणत कित्येक बाळं मी काट्यावर ठेवली असतील. हलकं म्हणजे चरबी नाही, असंच तेव्हा धरून चालायचो.

आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, हा बांधा घरोघरी आहे. साखर वापरली जाते ती मांडी-दंडाच्या स्नायूंत, ते आपल्याकडे मुळात कमी. आणि पोटाच्या आत, यकृताभोवती बसलेली चरबी इन्शुलिनला नीट काम करू देत नाही. काट्यावर दोन्ही मिळून बेरीज तीच येते. म्हणून तर भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी रेषा खाली आणली. २३च्या वर जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात हेच आकडे २५ आणि ३० आहेत. त्याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ या पायऱ्यांवरच सावध व्हा असं सुचवलं होतं. आता तुमच्या शिबिरांमध्ये जो तक्ता टांगलेला असतो तो कुठला असतो? औषध कंपनीनं दिलेला, प्रोटीन पावडरवाल्यानं दिलेला, किंवा गूगलवरून छापलेला. एकाच गल्लीतल्या दोन मंडळांमध्ये एकाच माणसाला एकीकडे हिरवा आणि दुसरीकडे पिवळा लागल्याचं मी पाहिलंय. माणूस तोच, रविवार फक्त वेगळा.

बरं, तक्ता बरोबर असला तरी आपण मोजतो कसे? १६२ सेंटिमीटरच्या, ६८ किलोच्या बाईंचा बीएमआय येतो २५.९. चप्पल घालून उभ्या राहिल्या, टाच तीन सेंटिमीटरची, तर उंची १६५ धरली जाते आणि आकडा होतो २५ च्या आत. तुमच्या पंचविसाच्या नियमानं एका चपलेनं त्या साखरेच्या रांगेतून बाहेर! काटा सतरंजीवर ठेवला तर तो वेगळंच सांगतो. फरशीवर ठेवा. सकाळी सुरू करण्याआधी पाच किलोची पिठाची बंद पिशवी ठेवून बघा, पाच दाखवतो का. अंबाडा वर बांधलेला असेल तर उंचीला तो धरायचा नाही. सत्तरीच्या आजींचा कणा वाकून उंचीच दोन-तीन इंचांनी कमी झालेली असते. मग त्यांचा बीएमआय फुगतो आणि आपण त्यांना "वजन कमी करा" म्हणतो. खरं तर त्यांचे दंड सुकून चाललेले असतात आणि त्यांना ताटात डाळ-दूध-अंडं वाढवायला सांगायला हवं.

लहान मुलांचं तर बोलूच नका. एका शाळेच्या शिबिरात मोठ्यांचाच तक्ता पाचवीच्या पोरांना लावला होता. दहा वर्षांच्या मुलाचा बीएमआय १६ येणं हे वयाला धरून असतं. तिथं त्याला "कुपोषित" लिहून घरी पाठवलं. त्याची आई चार दिवस जेवली नाही. मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी बघून वाढीचे वेगळे आलेख असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ साली पाच ते अठरा वर्षांसाठी ते काढलेले आहेत. ते नसतील तर शाळेत बीएमआय काढूच नका, नुसतं वजन-उंची लिहून द्या. गरोदर बाईलाही हा हिशेब लावायचा नाही, हे तरी सगळ्यांना माहीत असेल असं धरते.

आणि एक बाजू आपण शिबिरात साफ विसरतो. गेल्या वर्षी एक तिशीतली बाई आली, बीएमआय १७.४. माझ्या शेजारी बसलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, "वॉव काकू, काय मेन्टेन केलंय!" काकू ओशाळून हसल्या. त्या धुणीभांडी करायच्या, घरात सगळ्यांच्या मागून जेवायच्या, आणि तीन आठवडे खोकत होत्या. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये २४ टक्के जास्त वजनाच्या निघाल्या आणि १८.७ टक्के बायकांचा बीएमआय १८.५च्या खाली निघाला. जवळजवळ दर पाचवी बाई. तिच्यासाठी आपल्याकडे स्टिकरच नाही! खालच्या आकड्यासोबत खोकला असेल, ताप येत-जात असेल, न ठरवता वजन उतरलं असेल, तर थुंकीची तपासणी करायला सांगायची. टीबी अशाच अंगाला धरतो. त्या काकूंना मी स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक, इथं लिहीत नाही.

तर मग करायचं काय? माझं म्हणणं थोडकं आहे. काट्याच्या शेजारी एक मोजपट्टी ठेवा. शिंप्याकडची असते ती, न ताणणारी. पोटाच्या आतली चरबी काट्याला दिसत नाही, पट्टीला बऱ्यापैकी दिसते. बायकांचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की आपल्याकडे तो धोक्याचा धरतात. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी त्या जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कुणाला मधुमेह-बीपी आहे का, आणि कमरेचा घेर, यांना गुण असतात. बीएमआयला नाहीत. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलवायचं. सरकारनं घरोघर पट्टी पोचवलीय आणि आपण मांडव घालून, माईक लावून काटाच घेऊन बसलोय.

घेर मोजण्यातही चलाखी नको. पँटच्या पट्ट्यावर मोजला तर ढेरीवाल्या गृहस्थांचाही घेर चौतीस इंचच येतो, कारण पट्टा ढेरीच्या खाली असतो. "माझी पँट अजून कॉलेजातलीच बसते" असं सांगणारे सगळे याच जातीचे. शेवटची बरगडी हातानं चाचपायची, कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, त्या दोन्हींच्या मधोमध पट्टी धरायची. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढू द्यायचं नाही. साडीवाल्या बायकांच्या निऱ्यांवरून आणि परकराच्या नाडीवरून मोजलेला घेर म्हणजे कापडाचा घेर. म्हणून आडोसा हवा आणि आत बाईच हवी. हेच कारण असतं ना पट्टी टाळण्याचं? "बायका कुठं मोजू देतात" म्हणून? आडोसा केला की देतात. मी पाहिलंय. नाडीचा वळ दाखवून त्या स्वतःच सांगतात, की सहा महिन्यांत गाठ कितीनं पुढे सरकली.

पट्टीही नसेल तर सुतळी घ्या. माणसाच्या उंचीएवढी सुतळी कापायची, दुहेरी करायची आणि कमरेभोवती गुंडाळायची. टोकाला टोक लागलं नाही तर घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात २०२२ पासून हेच सांगतात, कमर उंचीच्या अर्ध्याच्या आत ठेवा. १७० उंचीच्या रिक्षावाल्या दादांची सुतळी ८५ ला संपली असती आणि नऊ सेंटिमीटरची फट सगळ्या रांगेला दिसली असती. कॅल्क्युलेटर नको, तक्ता नको. पोरंटोरंसुद्धा करतील.

जानेवारी २०२५ मध्ये लठ्ठपणावर काम करणाऱ्या जगभरातल्या तज्ज्ञांच्या आयोगानंही हेच मांडलं. एकट्या बीएमआयवरून माणसाला लठ्ठपणाचा रोगी ठरवू नका, घेरासारखं आणखी एखादं माप घ्या, आणि शरीरात खरोखर काही बिघडलंय का ते बघा. चाळिसाच्या वर गेलेल्या आकड्याला मात्र वेगळ्या पुराव्याची गरज नाही, असंही ते म्हणतात. तेही मला पटतं.

साखर तपासायच्या पट्ट्या कमीच असतील तर साखरेची रांग वयावर लावा, घेरावर लावा, घरात आईवडिलांना मधुमेह आहे का यावर लावा. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे बायकांना आवर्जून विचारा. बीपी मात्र प्रत्येकाचं बघा. त्याला पट्टी लागत नाही, नुसता धीर लागतो. स्टिकर बंद करा. आणि माईक! गेल्या शिबिरात एका उत्साही कार्यकर्त्यानं "चौऱ्याण्णव किलो, पुढे चला" असं माईकवरून पुकारलं. त्या वहिनी पुढे गेल्या नाहीत, मांडवाबाहेर गेल्या. त्यांचं बीपी मोजायचं राहिलं ते राहिलंच. आकडा कार्डावर लिहायचा, माणसाच्या हातात द्यायचा, आणि शेजारी बसून एक वाक्य बोलायचं. "हा आकडा म्हणजे आजार नव्हे, पण घेर जास्त आहे तेव्हा सोमवारी उपाशीपोटी साखर करून घ्या." एवढंच. त्याला अर्धा मिनिट लागतो.

यंदा तीन मंडळांचे फोन येऊन गेले. मी येते म्हटलंय, पण अट घालून. काटा फरशीवर, टेबल माईकपासून लांब, आणि कोपऱ्यात आडोशाला जागा. दोऱ्या तुम्ही बांधा, पडद्याला दोन जुन्या नऊवारी साड्या मी घेऊन येईन. मोजपट्टी माझी आहेच. रिक्षावाले दादा म्हणालेत, की बाहेर सुतळी धरायला ते बसतील. त्यांचा अंगठा भरलाय.

आपली,
वजनाच्या टेबलावरची सिस्टर
सातारा